रेडिओ फुटला, पैसे कोणाचे बुडाले?

जुने व्हॉल्व्हचे रेडिओ जमवण्याचा मला नाद आहे. २००६ साली इंटरनेटवरच्या एका लिलावात असाच एक रेडिओ मी बोली लावून जिंकला. "पैसे थेट माझ्या खात्यात भरा, पाठवणीचे शंभर रुपये कमी करतो," असा विक्रेत्याचा निरोप आला. मी भरले. आठ दिवसांनी खोकं आलं ते खुळखुळत. पुढची काच फुटलेली, दोन व्हॉल्व्हचा चुरा. विक्रेता म्हणाला, "मी धड माल कुरिअरला दिला, पावती आहे." कुरिअरवाला म्हणाला, "तुम्ही सही करून खोकं घेतलंत."

आता गंमत पाहा. आपला मालविक्री कायदा १९३० चा. त्याच्या ३९ व्या कलमानुसार, विक्रेत्यानं करारानुसार माल वाहतूकदाराच्या हवाली केला की तो सकृद्दर्शनी ग्राहकाला मिळाला असंच धरतात. म्हणजे वाटेतली फूटतूट माझ्या माथी! पण त्याच कलमात पुढं म्हटलंय, की मालाचं स्वरूप पाहून वाहतुकीचा वाजवी करार विक्रेत्यानं करायला हवा. तो केला नाही आणि माल फुटला, तर 'मला माल मिळाला' हे मानायला ग्राहक नकार देऊ शकतो. माझा काचेचा ऐवज कपड्यांच्या गठ्ठ्यासारखा, विम्याविना पाठवलेला होता. मी तेवढंच पत्रात लिहिलं.

आधी पैसे की आधी माल, हे भांडण तसं जुनंच. व्ही.पी.पी.त पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवल्याशिवाय पार्सल मिळत नसे. आत वीट निघाली तरी! ईबे इंडियाच्या 'पैसापे'नं त्यावर तोड काढली होती. ग्राहकाचे पैसे मध्येच थांबत, माल पोचला की विक्रेत्याला मिळत. ते संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झालं. शंभर रुपयांच्या लोभानं मी असली सोय टाळली, हा शहाणपणा माझाच.

विक्रेत्याचीही बाजू असते. धड वस्तू मिळाल्यावर 'फुटकी आली' म्हणणारे ग्राहक असतात. क्रेडिट कार्डाचा व्यवहार असला आणि बँकेनं ग्राहकाची तक्रार मानली, तर रक्कम परत ओढली जाते. विक्रेत्याचा माल जातो आणि पैसेही. म्हणून मी हल्ली खोकं उघडतानाच फोटो काढतो आणि ते दबलेलं दिसलं तर सहीशेजारी तसं लिहितो. कुरिअरवाले कुरकुरतात, पण लिहू देतात.

दोन महिन्यांच्या पत्रापत्रीनंतर निम्मे पैसे परत आले. व्हॉल्व्ह मात्र अजून मिळालेले नाहीत.