को-ऑप काढला, हे कितव्या ओळीत सांगायचं?

गेममधून एखादी गोष्ट काढून टाकायला एक दुपार पुरते. ती काढली हे आगाऊ पैसे दिलेल्या लोकांना सांगायला महिने जातात, आणि भांडण होतं ते त्या महिन्यांवरून. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी पानिपतच्या रिफायनरी टाउनशिपमध्ये राहते आणि लहान गेम स्टुडिओंची बॅकरना, म्हणजे अशा आगाऊ पैसे देणाऱ्यांना, जाणारी पत्रं तपासून देते. त्यांच्या भाषेत 'अपडेट'. बहुतेक अपडेट गोड असतात: नवी चित्रं, नवा राक्षस, संगीताचा तुकडा. नुकतंच हातून गेलं ते तसं नव्हतं.

या स्टुडिओनं किकस्टार्टरवरच्या पैसे जमवण्याच्या मोहिमेत को-ऑप कबूल केला होता, म्हणजे एकाच पडद्यावर दोघांनी मिळून खेळायची सोय. ऐकायला सोपं वाटतं. पण एकानं दार धरायचं आणि दुसऱ्यानं आत शिरायचं असं कोडं रचलं, की एकट्यानं खेळणाऱ्यासाठी तेच कोडं पुन्हा वेगळं रचावं लागतं. दोघं दोन दिशांना पळाले तर कॅमेऱ्यानं कुणामागे जायचं? एक मेला आणि दुसरा जिवंत आहे, तर सेव्ह कुठून उघडायचा? शत्रूनं आधी कुणावर धावायचं? शिवाय टेस्टिंग दुप्पट. पाच-सहा माणसांच्या स्टुडिओत हे काम शेवटाला ढकललं जातं, आणि शेवटी पैसे संपत आलेले असतात.

त्यांच्याकडे एक तक्ता आहे. गोष्टीचं नाव, उरलेलं काम, कोण करणार, आणि रंग: हिरवं म्हणजे चालू, पिवळं म्हणजे शंका, लाल म्हणजे गेलं. त्यात नसलेला रकाना मी पहिल्यांदा घालायला लावते: हे वचन कुठे कुठे दिलं? मग शोध सुरू होतो. मोहिमेच्या पानावर एक ओळ. व्हिडिओत सोफ्यावर बसून खेळणारी भावंडं. कुठल्याशा लाइव्ह गप्पांत संस्थापकानं उत्साहात दिलेलं उत्तर की चौघंही खेळतील. आणि सगळ्यात अवघड म्हणजे दोन प्रतींचा जोडपॅक, जो खास को-ऑपसाठीच विकला होता. त्या लोकांनी नुसती आशा नव्हती धरली, त्यासाठी वेगळे पैसे मोजले होते.

पत्राचा पहिला खर्डा आला तेव्हा वर तीन सुंदर चित्रं होती, मग नव्या संगीतकाराची ओळख, आणि पाचव्या परिच्छेदाच्या पोटात 'दर्जावर लक्ष केंद्रित करता यावं म्हणून' असं काहीतरी. मी चित्रं काढली आणि पाचवा परिच्छेद पहिला केला. त्यावर फोनवर बराच वाद झाला. लोक घाबरतील, म्हणाले.

वाईट बातमी झाकून सांगणारं सर्वांत प्रसिद्ध मराठी पत्र याच पानिपतच्या लढाईचं आहे, ते पडलेल्या माणसांना मोती आणि मोहरा म्हणणारं. युद्धाच्या धामधुमीत पत्र कुणाच्या हाती पडेल याचा भरवसा नव्हता. गेमवाल्यांना ती सबब नाही.

झाकल्यानं काय होतं ते 'एलिट डेंजरस'नं दाखवून दिलंय. किकस्टार्टरवर १५ लाख पौंडांहून जास्त जमवलेल्या या अंतराळ-गेममध्ये इंटरनेटशिवाय एकट्यानं खेळता येईल असं कबूल केलं होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये, गेम यायला जेमतेम महिना उरला असताना, ते होणार नाही हे एका वार्तापत्रात इतर मजकुरासोबत छापलं गेलं. कारण खोटं नव्हतं. सगळ्यांचं मिळून एकच बदलतं विश्व सर्व्हरवर चालवायचं होतं. पण ते कारण महिन्याभरात जन्मलेलंही नव्हतं. लोक परतावा मागायला लागले. 'टॉर्मेंट: टाइड्स ऑफ न्यूमेनेरा'चंही तेच: ४१ लाख डॉलरांवर जमा, आणि २०१७ च्या सुरुवातीला, गेम बाजारात येण्याच्या तोंडावर कळलं की काही साथीदार पात्रं नाहीत, इटालियन भाषांतरही नाही. आधी सांगायला हवं होतं हे त्यांनी मान्य केलं. त्यातलं एक पात्र त्याच वर्षी फुकट परतही आलं.

याउलट 'ब्रोकन एज' या गेमचा टिम शेफर. २०१२ मध्ये चार लाख डॉलर मागितले, ३३ लाख मिळाले, आणि पुढच्या वर्षी त्यानं लिहिलं की आपण पैशापेक्षा मोठा गेम रचून बसलो. आता अर्धा आधी विकू आणि त्या पैशातून उरलेला करू. शिव्या त्यालाही पडल्या. पण काय झालं ते लोकांना त्याच्याकडून कळलं, आणि पुढे काय करणार तेही. 'ब्रोकन एज'चा दुसरा भाग २०१५ मध्ये आला.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा गेम 'राजी' मला या बाबतीत नशीबवान वाटतो. त्यांची २०१७ ची किकस्टार्टर मोहीम फसली, आणि तिथला नियम असा की आकडा पूर्ण झाला नाही तर कुणाचाच पैसा कापला जात नाही. पैसा नाही, तसं वचनाचं ओझंही नाही. गेम २०२० मध्ये आला. त्यात काय नाही याचा हिशेब त्यांना कुणाला द्यायचा नव्हता.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ इथून पायपुसणी आणि गालिचे परदेशी पाठवतात. त्यांना हा सगळा वाद बालिश वाटतो. त्यांचं म्हणणं, रंगाची छटा जुळणार नाही हे सॅम्पलच्या वेळी सांगितलं तर गिऱ्हाईक दुसरी छटा निवडतं. कंटेनर निघाल्यावर सांगितलं तर तेच गिऱ्हाईक वकील शोधतं. मी हे स्टुडिओला सांगितलं. वाद थोडा निवळला, खरं कारण मात्र दुसरं होतं: एका बॅकरनं डेमोच्या मेन्यूतून को-ऑपचं बटण गायब झालेलं पाहिलं आणि तसं विचारलं.

मग पत्र दोन दिवसांत गेलं. पहिल्या ओळीत को-ऑप नाही. दुसरीत का नाही, कॅमेरा आणि सेव्हच्या तपशिलासह. तिसरीत जोडपॅकवाल्यांना काय: फरकाचे पैसे परत, किंवा दुसरी प्रत कुणालाही भेट. परताव्याचा पैसा स्टुडिओच्या खिशातून जाणार. मोहीम पूर्ण होताच किकस्टार्टरनं आपले पाच टक्के कापून घेतलेले असतात, ते परत येत नाहीत. चित्रं शेवटी टाकली, तीही दोनच. उत्तरांत राग होता, पण 'फसवलं' म्हणणारे मला वाटले होते त्याहून कमी निघाले. बरेच जण नुसतं विचारत होते की भेट द्यायची तर लिंक कुठे मिळेल, आणि ती लिंक तयार ठेवायला स्टुडिओ विसरला होता.

तक्त्यात को-ऑप आता लाल आहे. त्याच्याखालची ओळ आहे 'मराठी आवाज', ती पिवळी. त्याबद्दल विचारलं की 'अजून ठरलेलं नाही' असं उत्तर येतं. ती को-ऑपच्याही आधीपासून पिवळी आहे.