जुन्या जीपला नवा स्पीडोमीटर

नरखेड, मोवाड, जलालखेड्याच्या संत्रापट्ट्यात धावणाऱ्या जुन्या जीपचा काटा थरथरू लागला, की बहुधा मीटरची केबल घासलेली किंवा कोरडी पडलेली असते. जुना मीटर कसा चालतो, नवी केबल मिळत नसेल तर पर्याय कोणते आणि मीटर बदलताना काय जपावे, ते असे :

● केबलचा मीटर : गिअरबॉक्समधून आलेली केबल चुंबक फिरवते. त्याच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी काट्यासह वळते. बारीक स्प्रिंग तिला आवरते. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे यांचे हे पेटंट १९०२ चे.

● इलेक्ट्रॉनिक : केबलच्या जागी सेन्सर बसतो आणि फेऱ्यांचे पल्स मोजतो. टायरचा घेर ५ टक्क्यांनी वाढवला, तर मीटर ६० दाखवताना गाडी ६३ ने धावते. म्हणून टायर बदलल्यावर कॅलिब्रेशन पुन्हा करावे.

● जीपीएस : वेग उपग्रहांच्या संकेतांवरून कळतो, टायरच्या मापाने फरक पडत नाही. बोगद्यात किंवा पत्र्याच्या शेडखाली संकेत तुटतो. अँटेना काचेजवळ, मोकळे आकाश मिळेल अशी बसवावी.

● किलोमीटरची नोंद : नवा मीटर शून्यापासून मोजू शकतो. जुन्या आकड्याचा तारखेसह फोटो काढून ठेवा आणि गाडी विकताना घेणाऱ्याला तो दाखवा.