हिरवळीची दुरुस्ती

हिरवळीची दुरुस्ती म्हणजे घराभोवतीच्या किंवा बागेतील विरळ झालेल्या, मधूनमधून करपलेल्या अथवा उघड्या पडलेल्या गवताच्या आच्छादनाला पुन्हा दाट व एकसारखे करण्याची प्रक्रिया होय. तिच्यात नुकसानीच्या कारणाचा शोध, जमिनीची तयारी, बियाण्याची फेरपेरणी किंवा गवताच्या तुकड्यांची लागण आणि नंतरची निगा यांचा समावेश होतो. संपूर्ण हिरवळ उकरून नव्याने लावण्यापेक्षा ही पद्धत कमी खर्चाची असते. सर्वसाधारणपणे निम्म्याहून अधिक भागात हवे असलेले गवत शिल्लक असेल, तर दुरुस्ती पुरेशी ठरते. त्याहून कमी असल्यास नवी लागवड सोयीची असते.

नुकसानीची कारणे

हिरवळ खराब होण्याची कारणे अनेक असून वरवर पाहता त्यांची लक्षणे सारखीच दिसतात. कारण दूर न करता केलेली पेरणी बहुधा त्याच जागी पुन्हा निष्फळ ठरते. त्यामुळे निदान हा दुरुस्तीचा पहिला टप्पा मानला जातो.

जमीन घट्ट होणे: सतत ये-जा, मुलांचे खेळ किंवा वाहने यांमुळे माती दबते. मातीतील हवेच्या पोकळ्या कमी होतात, पाणी मुरत नाही आणि मुळे वरच्या थरातच राहतात. पेन्सिल किंवा स्क्रू-ड्रायव्हर ओलसर मातीत सहज शिरत नसल्यास जमीन दबलेली आहे असे समजतात.

सावली: हरळीसारख्या गवतांना दिवसाकाठी सुमारे सहा ते आठ तास ऊन लागते. झाडाच्या दाट सावलीत ती विरळ होत जातात. अशा ठिकाणी फांद्यांची छाटणी करणे किंवा सावली सहन करणारी वनस्पती लावणे हाच उपाय असतो.

हुमणी: भुंगेऱ्यांच्या या अळ्या गवताची मुळे खातात. प्रादुर्भाव झालेल्या भागातील गवत सतरंजीप्रमाणे उचलून येते आणि खालच्या मातीत इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकारात वळलेल्या पांढुरक्या अळ्या सापडतात.

कुत्र्याचे मूत्र: त्यातील नायट्रोजन व क्षार एका जागी साचल्याने मध्यभागी गवत जळते, तर कडेला सौम्य मात्रेमुळे गर्द हिरवे कडे तयार होते.

बुरशीजन्य रोग: दमट हवा, रात्रभर ओली राहणारी पाती आणि नायट्रोजनयुक्त खताचा अतिरेक यांमुळे गोलाकार तपकिरी डाग पडतात.

थॅच: जमीन व हिरवी पाती यांच्यामध्ये साचलेल्या मृत खोडांच्या व मुळांच्या थराला थॅच म्हणतात. हा थर सुमारे सव्वा सेंटिमीटरपेक्षा जाड झाल्यास पाणी व बियाणे मातीपर्यंत पोहोचत नाही.

बांधकामाचा राडारोडा: नव्या घरांभोवती मातीखाली विटांचे तुकडे, वाळू व सिमेंट गाडलेले असते. अशा जागी मातीचा थर उथळ असल्याने उन्हाळ्यात गवत प्रथम वाळते.

वाळलेले प्रत्येक गवत मृत असतेच असे नाही. हरळी थंडीत किंवा पाण्याच्या ताणात सुप्तावस्थेत जाऊन तपकिरी होते. गवत हलके ओढल्यावर ते मुळांसह निघून न येता घट्ट राहिले आणि बुडखा पांढरट व टणक असला, तर पाणी व ऊब मिळताच ते पुन्हा फुटते. तेथे पेरणीची गरज नसते.

गवताचे प्रकार व योग्य हंगाम

हिरवळीची गवते थंड हवामानाची व उष्ण हवामानाची अशा दोन गटांत मोडतात. युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागात केंटकी ब्लूग्रास, राईग्रास व फेस्क्यू ही पहिल्या गटातील गवते प्रचलित आहेत. त्यांची फेरपेरणी उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरद ऋतूच्या प्रारंभापर्यंत करतात. त्या काळात जमीन उबदार असते, हवा थंड होऊ लागते आणि तणांची स्पर्धा कमी असते.

महाराष्ट्र व गोव्यात उष्ण हवामानाची गवते वापरली जातात. त्यांतील सर्वांत परिचित गवत म्हणजे हरळी किंवा दूर्वा (सायनोडॉन डॅक्टिलॉन). शेतात चिवट तण म्हणून उपटली जाणारी हीच वनस्पती अंगणात हिरवळ म्हणून जोपासली जाते. दोन्हींमागील गुण एकच आहे: ती जमिनीवरील धावत्या व जमिनीखालील खोडांनी पसरते आणि लहानशी रिकामी जागा स्वतःच भरून काढते. यांखेरीज झोयसिया वंशातील, बाजारात ‘कोरियन’ किंवा ‘मेक्सिकन’ या नावांनी मिळणारी बारीक पात्याची गवतेही लावली जातात. या गवतांच्या दुरुस्तीसाठी पावसाळ्याचा प्रारंभ, म्हणजे जून-जुलै, हा सोयीचा काळ होय. पाण्याची सोय असल्यास फेब्रुवारी-मार्चमध्येही काम करता येते.

जमिनीची तयारी

मृत गवत, तणे व दगड काढून खराब भाग कडेच्या निरोगी गवतापर्यंत चौकोनी आकारात साफ केला जातो. लव्हाळ्यासारख्या तणाचे कंद मातीत राहिल्यास ते पुन्हा फुटत असल्याने ते खणून काढावे लागतात. त्यानंतर माती वाफशावर असताना ५ ते १० सेंटिमीटर खोलीपर्यंत मोकळी केली जाते. चिखल झालेली माती खणल्यास तिची ढेकळे बनतात आणि ती अधिकच घट्ट होते.

मोकळ्या मातीत चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळतात. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून तणांचे बी व हुमणी दोन्ही येण्याची शक्यता असते. दख्खनच्या काळ्या मातीत पाणी साचते, तर उन्हाळ्यात भेगा पडतात. तेथे सेंद्रिय खताने मातीची रचना सुधारते. कोकण व गोव्यातील जांभ्या मातीत पाण्याचा निचरा जलद होतो, परंतु ती आम्लधर्मी असते. चुना घालायचा असल्यास तो माती परीक्षणानंतरच घालणे इष्ट असते.

विरळ पण जिवंत हिरवळीवर खणण्याची गरज नसते. गवत आखूड कापून, दाताळ्याने थॅच ओढून काढतात आणि पोकळ दात्यांच्या अवजाराने ५ ते ८ सेंटिमीटर खोल छिद्रे पाडतात. बियाण्याचा मातीशी थेट संपर्क येणे हा या सर्व तयारीचा हेतू असतो.

पेरणी

नव्या किंवा पूर्ण उघड्या जागेसाठीचे साधारण प्रमाण पुढीलप्रमाणे आहे. विरळ हिरवळीवरील फेरपेरणीसाठी याच्या सुमारे निम्मे बियाणे पुरते.

| गवत | बियाणे (ग्रॅम प्रति चौ. मी.) | उगवणीचा काळ (दिवस) |
|---|---|---|
| हरळी, साल काढलेले बी | ५–१० | ७–१४ |
| केंटकी ब्लूग्रास | १०–१५ | १४–३० |
| राईग्रास | २५–३५ | ५–१० |
| टॉल फेस्क्यू | ३०–४० | ७–१४ |

प्रमाणांतील हा फरक मुख्यतः बियांच्या आकारामुळे पडतो. हरळीचे बी अतिशय बारीक असते. ते कोरड्या वाळूत मिसळून, अर्धे उभ्या व अर्धे आडव्या दिशेने फेकल्यास पेरणी एकसारखी होते. बियाणे प्रमाणाबाहेर टाकल्यास रोपांत गर्दी होऊन ती बुरशीला बळी पडतात. पेरणीनंतर दाताळ्याने बी सुमारे ३ ते ६ मिलिमीटर मातीआड करून हलका रोलर फिरवला जातो. उतारावर मुसळधार पावसाने बी वाहून जाऊ नये म्हणून पेंढ्याचा पातळ थर किंवा विरळ विणीचे गोणपाट अंथरतात. मुंग्या व पक्ष्यांपासूनही त्यामुळे काही संरक्षण मिळते.

तणांची उगवण रोखणारे तणनाशक अलीकडेच वापरले असल्यास ते गवताच्या बियांनाही उगवू देत नाही. अशा वेळी वेष्टनावर दिलेला कालावधी उलटल्यावरच पेरणी केली जाते.

बियाण्याविना दुरुस्ती

काही संकरित गवतांना सक्षम बी धरत नाही. अमेरिकेतील टिफ्टन येथे विकसित झालेले आणि १९६० मध्ये प्रसारित झालेले ‘टिफवे’ हे संकरित हरळीचे वाण त्याचे उदाहरण होय. अशा हिरवळींत बी पेरल्यास वेगळ्या पोताचे ठिगळ दिसते. म्हणून त्याच गवताची लागण केली जाते.

भारतात यासाठी तीन पद्धती रूढ आहेत. टोकण पद्धतीत मुळांसह गवताचे तुकडे १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर लावतात. दुसऱ्या पद्धतीत गवताची बारीक कापलेली खोडे शेणकाल्यात व मातीत कालवून ओलसर जमिनीवर लिंपतात. तिसऱ्या पद्धतीत मातीसह कापलेले तयार गवताचे चौकोन बसवतात. शेवटची पद्धत सर्वांत महाग असली तरी परिणाम तात्काळ दिसतो. लहान ठिगळासाठी लागणारे गवत हिरवळीच्याच कडेच्या भागातून घेता येते.

निगा

उगवण होईपर्यंत वरचा थर सतत ओलसर ठेवावा लागतो. यासाठी झारीने किंवा तुषार सिंचनाने दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे पाणी देतात. फुगलेले बी एकदा वाळले की त्यातील अंकुर मरतो, तर जोरदार धारेने बी एका जागी गोळा होते. उगवणीनंतर पाण्याची वारंवारता कमी करून मात्रा वाढवली जाते, म्हणजे मुळे खोल जातात.

रोपे ठरवलेल्या उंचीच्या सुमारे दीडपट झाल्यावर पहिली कापणी करतात. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक भाग कापू नये, हा सर्वमान्य नियम आहे. मुळे धरेपर्यंत त्या भागावर चालणे टाळले जाते.

पाणी व पर्यावरण

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी देण्यास एक लिटर पाणी लागते. त्यामुळे ५० चौरस मीटर हिरवळीला रोज ५ मिलिमीटर पाणी दिल्यास दररोज २५० लिटर पाणी खर्च होते. महाराष्ट्रातील २०१६ च्या दुष्काळात क्रिकेटच्या मैदानांवरील पाण्याच्या वापराचा प्रश्न न्यायालयात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. टंचाईच्या काळात हिरवळीला सुप्तावस्थेत जाऊ देणे आणि दुरुस्ती पावसाळ्यापर्यंत पुढे ढकलणे हा पाणी वाचवणारा पर्याय असतो.

खतांच्या अतिवापरामुळे फॉस्फरस वाहून जलाशयांत शेवाळ वाढते. या कारणाने अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने हिरवळीवरील फॉस्फरसयुक्त खतांवर २००५ पासून राज्यभर निर्बंध घातले. मात्र नव्याने लावली जाणारी हिरवळ आणि माती परीक्षणात कमतरता आढळलेली जमीन यांना त्यातून सूट आहे.