चढासाठी एक दाता कमी

ईदच्या दुसऱ्या दिवशी आपा आमच्याकडे आल्या, त्या तक्रार घेऊनच. "तुझा भाचा गाडीच्या इंजिनवर चाळीस हजार घालायला निघालाय. मी सांगून थकले, आता तूच समजाव."

भाच्याने बचत करून 200 सीसीची जुनी गाडी घेतली आहे. खेड तालुक्यातल्या आमच्या वाडीपासून बागेपर्यंत तीन किलोमीटर कच्ची वाट आहे. लाल माती, सुटे दगड आणि मध्ये एक उभा चढ. पावसाळ्यात त्या चढावर गाडी पहिल्या गियरमध्येही दम सोडते, बंद पडते आणि मागे घसरते. एकदा तो पडलाही. मित्रांनी त्याला यादी करून दिली होती : मोकळा सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर, ब्लॉक बोअर करून मोठा पिस्टन.

यादी पाहून आम्हाला आमचीच जुनी चूक आठवली. तरुणपणी आम्ही कार्ब्युरेटरच्या गाडीला उघडा फिल्टर बसवला, सायलेन्सर मोकळा केला, पण जेट बदलला नाही. हवा वाढली, पेट्रोल तेवढेच राहिले. अशा वेळी इंजिन भलतेच तापते. कशेडी घाटात पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला आणि मागचे चाक जाम झाले. मागून ट्रक येत नव्हता, म्हणून बचावलो.

आधी दाते मोजा

आम्ही भाच्याला घेऊन ओळखीच्या उस्तादांच्या गॅरेजवर गेलो. त्यांनी इंजिनकडे पाहिलेच नाही. चेनचे कव्हर काढून दाते मोजले. पुढच्या स्प्रॉकेटला 15, मागच्याला 42. म्हणजे 42 भागिले 15, 2.8. पुढे 14 दात्यांचा बसवला तर हा आकडा 3 होतो. मागच्या चाकाला मिळणारा जोर साधारण सात टक्क्यांनी वाढतो. मागचा स्प्रॉकेट 45 दात्यांचा केला तरी हिशेब तोच येतो, पण त्याला खर्च जास्त आणि बहुधा चेनही लांब लागते.

"मग पुढे 12 चाच बसवू या की," भाचा म्हणाला.

"बेटा, फुकट काही मिळत नाही," उस्ताद हसले. जोर वाढतो तेवढा वेग कमी होतो. इंजिनच्या ज्या फेऱ्यांवर गाडी ताशी 60 किलोमीटर जायची, त्याच फेऱ्यांवर आता 56 जाईल. हायवेवर इंजिन जास्त ओरडेल, पेट्रोलही थोडे जास्त खाईल. शिवाय पुढचा स्प्रॉकेट फार लहान केला तर चेनला आखूड वळण घ्यावे लागते आणि ती लवकर झिजते. ज्या गाड्यांत स्पीडोमीटर गियरबॉक्सवरून चालतो, तिथे काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवू लागतो. पुढच्या चाकावरून चालत असेल तर फरक पडत नाही. आणि चेन झिजलेली असेल तर नवा स्प्रॉकेट एकटा बसवू नये, पूर्ण सेटच बदलावा.

चढाला हॉर्सपॉवर नव्हे, टॉर्क

इंजिनची ताकद किती, यापेक्षा ती किती फेऱ्यांवर मिळते हे कच्च्या वाटेवर महत्त्वाचे. रॉयल एनफिल्डची 411 सीसी हिमालयन आणि केटीएमची 2025 पूर्वीची 250 अ‍ॅडव्हेंचर घ्या. केटीएमची हॉर्सपॉवर 30, हिमालयनची साधारण 24. पण हिमालयन आपला 32 न्यूटन-मीटरचा टॉर्क चार-साडेचार हजार फेऱ्यांवर देते, तर केटीएमचा 24 न्यूटन-मीटर साडेसात हजारांवर मिळतो. चिखलात हळू चढताना इंजिन वरच्या फेऱ्यांत नसतेच. मोकळा सायलेन्सर अनेकदा वरची ताकद वाढवतो आणि खालची घालवतो. म्हणजे नेमके चढावर हवे तेच जाते.

2020 च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस-6 गाड्यांत तर पेट्रोलचे माप कॉम्प्युटर ठरवतो. नुसता फिल्टर किंवा सायलेन्सर बदलून काम भागत नाही, मॅपिंगही बदलावे लागते.

कायद्याची बाजूही आहे. ब्लॉक बोअर करून सीसी वाढवली की आरसी बुकातली नोंद आणि गाडी जुळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला हे चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बेकायदा बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनीशी वाद होतो, तो वेगळाच.

शेवटी पुढचा 14 दात्यांचा स्प्रॉकेट बसला. चेनही बदलली, एअर फिल्टर फक्त साफ केला. उरलेल्या पैशांतून खोल नक्षीचे टायर आणि चांगले हेल्मेट आले. जुना स्प्रॉकेट आम्ही पुसून, तेल लावून जपून ठेवला आहे. लांबच्या प्रवासाला निघायचे तर परत बसवता येतो.

पहिल्या मोठ्या पावसानंतर भाचा बागेतून परत आला, तो चिखलाने माखलेला, पण हसत. "मामू, चढ एका दमात!" आपांनी आधी त्याचे गुडघे तपासले, मग चहा टाकला.