स्तनदाह : घरगुती उपायांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्तनदाह म्हणजे दूध पाजणाऱ्या आईच्या स्तनाला येणारी दुखरी सूज. स्तनाचा एखादा भाग कडक आणि गरम होतो, हात लावला तरी ठणकतो. मग अंग मोडून येते, हुडहुडी भरते, ताप चढतो. गोऱ्या त्वचेवर लाली लगेच दिसते. सावळ्या त्वचेवर ती लपून राहते, म्हणून तिथे रंगापेक्षा स्पर्शाला लागणारी उष्णता आणि दुखणे यांवरून ओळखावे लागते. हा त्रास बाळंतपणानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सर्वांत जास्त आढळतो आणि बहुतेक स्त्रियांना तो पहिल्या 12 आठवड्यांतच होतो. घरात त्याला ‘दूध साकळले’ किंवा ‘गाठ धरली’ म्हणतात, आणि शेकणे, चोळणे, पिळणे सुरू होते.

यामागचा समज असा की नळीत दुधाची गुठळी अडकली आहे आणि ती दाबून बाहेर काढली की त्रास संपेल. प्रत्यक्षात स्तनातल्या दूधनलिका अतिशय बारीक आणि एकमेकींत गुंतलेल्या असतात. बहुतेक वेळा भोवतीची ऊती सुजते आणि त्या दाबाने नलिका अरुंद होतात. हाताला लागणारी गाठ ही त्या सुजेची असते. अशा जागी जोर लावून चोळले की बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते आणि सूज वाढते. तेल लावून जोरात मालिश करणे, गाठीवर फणी फिरवणे हे सगळे यात आले. हात फिरवायचाच असेल तर तो काखेच्या दिशेने, वरच्या त्वचेवरून, अगदी हलका.

यात घरच्या वडीलधाऱ्यांना दोष देण्यासारखे काही नाही. गरम शेक, मालिश आणि स्तन रिकामा करणे हाच सल्ला अनेक वर्षे डॉक्टरही देत होते. ‘अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन’ या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना बदलल्या, आणि भर सूज उतरवण्यावर आला.

स्तन पूर्ण रिकामा केलाच पाहिजे, हा समजही त्याच जुन्या सल्ल्यातला. जितके दूध काढले जाते तितके शरीर बनवते. बाळाचे पोट भरल्यावरही पंपाने किंवा हाताने दूध काढत राहिले, तर पुरवठा गरजेपेक्षा वाढतो आणि सुजलेल्या भागावर आणखी ताण येतो. बाळ मागेल तेव्हा, एरवीसारखे पाजावे. बाळ ओढत नसेल किंवा स्तन फारच ताठरला असेल, तर आराम पडण्यापुरतेच काढावे. या दिवसांत दूध वाढावे म्हणून मुद्दाम काही खाऊ घालण्याचीही गरज नसते.

सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज मात्र वेगळाच आहे : ‘हे दूध बाळाला बाधेल, पाजणे बंद कर.’ स्तनदाह झालेल्या आईचे दूध निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरक्षित असते. त्यात सोडियम वाढल्याने ते थोडे खारट लागते आणि बाळ कुरकुरते, एवढेच. उलट पाजणे एकाएकी थांबवले की दूध साचते आणि गळू होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2000 सालच्या आपल्या अहवालात पाजणे चालू ठेवायलाच सांगितले आहे. आईला एचआयव्ही असेल किंवा बाळ फार अपुऱ्या दिवसांचे असेल, तर मात्र हा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

बाळंतिणीला थंड चालत नाही, ही समजूत महाराष्ट्रात खोल रुजलेली आहे. शेक-शेगडीच्या दिवसांत स्तनावर बर्फ ठेवायचा म्हटले की घरात विरोध होतो. पण बाहेरून लावलेल्या थंडाव्याने दूध थंड होत नाही आणि बाळाला सर्दीही होत नाही. सुती कापडात गुंडाळलेला बर्फ 10 ते 20 मिनिटे ठेवला, पुन्हा काही वेळाने ठेवला, की सूज आणि ठणका दोन्ही कमी होतात. कोमट पाण्याने आंघोळ करून बरे वाटत असेल तर हरकत नाही. निखाऱ्याचा किंवा तव्यावर तापवलेल्या कापडाचा कडक शेक मात्र सूज वाढवू शकतो, आणि त्याने नाजूक कातडी भाजते.

कोबीच्या पानांची कीर्ती मोठी आहे. त्यांच्यावर संशोधन झाले ते मुख्यतः दुधाने ताठरलेल्या स्तनांबाबत. तिथे थोडा आराम पडल्याचे दिसते, पण पुरावा कच्चा आहे. स्वच्छ धुतलेले गार पान ठेवण्यात धोका नाही. ते स्तनदाहाचे औषध मात्र नाही. हळद, लसूण किंवा बटाट्याच्या लेपाने स्तनदाह बरा होतो असे खात्रीने म्हणता येत नाही, आणि लेप बोंडावर लागला तर तो बाळाच्या तोंडात जातो. हळद-चुना तर लावूच नये. चुन्याने कातडी पोळते. बोंडावर दिसणारा पांढरा ठिपका सुईने टोचणे म्हणजे जंतूंना वाट करून देणे.

खरे घरगुती उपाय साधे आहेत. थंड शेक, सैल कपडे, बाळाची पकड नीट बसवणे आणि विश्रांती. ही विश्रांती आईने एकटीने मिळवायची गोष्ट नाही; घरातल्यांनी तिच्या हातातले काम काढून घेतले तरच ती मिळते. जोडीला पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारून घेता येते. दोन्ही दुधात फारच कमी उतरतात, म्हणून वेदना सोसत बसण्याचे कारण नाही.

प्रत्येक स्तनदाहाला प्रतिजैविके लागतात, हाही गैरसमजच. जंतुसंसर्ग नसलेली सूज बऱ्याचदा 24 ते 48 तासांत ओसरते. पण जंतू शिरले असतील, आणि ते बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस असतात, तर लेप, काढे किंवा दृष्ट काढणे यांत गेलेला प्रत्येक दिवस महाग पडतो. 24 तासांत उतार नसेल, ताप चढत असेल, बोंडाच्या चिरेतून पू येत असेल किंवा आई फार गळून गेली असेल, तर दवाखाना गाठावा. औषधे सांगितलेले सगळे दिवस घ्यावीत. घरात उरलेल्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. स्तनदाह झालेल्या सुमारे 3 ते 11 टक्के स्त्रियांना गळू होते. सोनोग्राफीत पाहून सुईने पू काढता येतो, आणि त्यानंतरही बहुतेकींना त्या बाजूने पाजता येते.

दवाखान्यात प्रसूती झालेल्या आईकडे आशाताई तिसऱ्या दिवसापासून 42व्या दिवसापर्यंत सहा वेळा येतात. त्यांतल्या 14व्या आणि 21व्या दिवसाच्या भेटी नेमक्या या त्रासाच्या काळात येतात; स्तनातले दुखणे संकोच न करता त्यांना सांगावे. आणि औषधे पूर्ण होऊनही गाठ किंवा लाली राहिली, तर सोनोग्राफी करून घ्यावीच, कारण स्तनाच्या कर्करोगाचा एक दुर्मीळ प्रकार सुरुवातीला अगदी स्तनदाहासारखा दिसतो.