जुन्या विलायती घरात हीट पंप

ब्रिटनमधल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या विटांच्या घरांत हीट पंप चालतच नाही, असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही.

हा पंप उष्णता तयार करत नाही. बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून आत आणतो, एसी उलटा चालवल्यासारखा. म्हणून एक युनिट विजेत साधारण तीन युनिट ऊब मिळते. मात्र गॅसचा बॉयलर रेडिएटरमध्ये ६०-७० अंशांचं पाणी सोडतो, तर पंपाला ३५ ते ५० अंश मानवतात. पाणी जितकं जास्त तापवाल, तितकी वीज जास्त जाते. तेव्हा आधी घर सुधारायचं: माळ्यावर उष्णतारोधक थर, बुजवलेल्या फटी, गरज तिथे मोठे रेडिएटर. या जुन्या घरांच्या भिंतींच्या आत बहुधा पोकळी नसते; त्यांना बाष्प बाहेर जाऊ देणारंच अस्तर द्यावं, नाहीतर ओल धरते आणि ती फार छळते. खोलीगणिक उष्णतेचा हिशोब न मांडता पंप विकणाऱ्याला सरळ नकार द्यावा.

उन्हाळ्यात गारवाही हवा असेल, तर पंपाचा खोलीत थेट हवा सोडणारा प्रकार घ्यावा. साध्या रेडिएटरमधून थंड पाणी फिरवलं, तर त्यावर दव साचतं.