व्हर्च्युअल मशीनने कोणाचे घड्याळ मानावे?

लिनक्सच्या सिसएफएसमध्ये 'करंट क्लॉकसोर्स' नावाची एक छोटी फाइल असते. ती उघडली की कर्नल वेळ कोणत्या स्रोतावरून मोजतो ते सांगणारा एकच शब्द दिसतो. साध्या, प्रत्यक्ष सर्व्हरवर तो बहुधा 'टीएससी' असतो. तोच लिनक्स केव्हीएम या हायपरव्हायजरवर गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, म्हणून चालत असेल तर 'केव्हीएम-क्लॉक' आणि झेन या हायपरव्हायजरवर असेल तर 'झेन' दिसण्याची शक्यता जास्त. शेजारच्या दुसऱ्या फाइलमध्ये उपलब्ध पर्यायांची यादी असते आणि रूट अधिकार असलेला कोणीही एका ओळीच्या आज्ञेने हा शब्द बदलू शकतो. बदल इतका सोपा असल्यामुळेच तो बऱ्याचदा चुकीच्या निकषावर होतो. कोणता स्रोत लवकर वाचता येतो आणि कोणाची मोजणी अधिक बारीक, हे पाहिले जाते. प्रत्यक्ष यंत्रावर हे निकष पुरतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये त्यांच्या आधी एक प्रश्न विचारावा लागतो: मशीन थांबले होते किंवा दुसऱ्या जागी हलवले गेले, हे या स्रोतामागच्या कोणाला माहीत असते का?

संगणकाचे घड्याळ म्हणजे ठरावीक गतीने वाढणारा किंवा घटणारा आकडा. मूळ आयबीएम पीसीतला टायमर सेकंदाला सुमारे 11 लाख 93 हजार वेळा मोजत असे. एसीपीआयचा पॉवर मॅनेजमेंट टायमर 35 लाख 79 हजारांच्या आसपास मोजतो. त्यानंतर एचपीईटी हा टायमर आला. 1993 च्या पेंटियमपासून खुद्द प्रोसेसरमध्ये टाइम स्टॅम्प काउंटर, म्हणजे टीएससी आहे. या सगळ्यांच्या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: आकडा वाचणारा प्रोसेसर सतत हजर असतो. व्हर्च्युअल मशीनचा प्रोसेसर सतत हजर नसतो. होस्ट, म्हणजे ज्यावर हे मशीन चालते तो सर्व्हर, त्याला मध्येच बाजूला ठेवून दुसऱ्या गेस्टला वेळ देतो. झोपलेल्या माणसाला आपण किती वेळ झोपलो हे स्वतःच्या आतून कळत नाही, जागा असलेल्या कोणाला तरी विचारावे लागते. जुना लिनक्स कर्नल नेमके हेच विचारत नव्हता. 2.6 मालिकेच्या सुरुवातीला तो सेकंदाला 1000 टिक मोजून वेळ पुढे ढकलत असे. एका होस्टवर दहा गेस्ट असले की नुसती वेळ सांगायला सेकंदाला दहा हजार इंटरप्ट पोहोचवावे लागत आणि गर्दीत काही टिक हुकत. हुकलेले टिक होस्टवरचा हायपरव्हायजर मागाहून घाईने पोहोचवी. गेस्ट कर्नलनेही तीच तूट स्वतःच्या हिशेबाने आधीच भरून काढलेली असे. त्यामुळे मागे पडणारे घड्याळ पुढे पळू लागे. दोघेही प्रामाणिकपणे दुरुस्ती करत होते, पण एकमेकांना न विचारता.

टिक मोजण्याऐवजी काउंटर वाचण्याची पद्धत रुळल्यावर हा घोळ बराच निवळला आणि प्रश्न काउंटर वाचण्याच्या किमतीवर आला. गेस्टने एचपीईटी किंवा एसीपीआय टायमर वाचायला घेतला की हार्डवेअर त्याला अडवते, नियंत्रण हायपरव्हायजरकडे जाते आणि तो त्या उपकरणाची नक्कल करून उत्तर देतो. टीएससी मात्र गेस्टला बहुधा थेट वाचता येतो. पहिल्या प्रकारच्या वाचनाला मायक्रोसेकंद लागतात, तर दुसऱ्या प्रकारचे नॅनोसेकंदांत उरकते. डेटाबेस आणि जावाचे प्रोग्रॅम सेकंदाला लाखो वेळा वेळ विचारतात, तेव्हा हा फरक सरळ खर्चाच्या बाजूला दिसतो. तेव्हा नेटफ्लिक्समध्ये असलेले ब्रेंडन ग्रेग यांनी 2021 मध्ये असे एक प्रकरण मांडले होते. कॅसान्ड्रा डेटाबेस सेंटओएसवरून उबुंटूवर नेल्यावर मंदावला. शोध घेतल्यावर बराच वेळ केवळ वेळ विचारण्यात जात असल्याचे दिसले. स्रोत 'झेन'वरून 'टीएससी'वर नेताच फरक पडला. हे उदाहरण देऊन 'सगळीकडे टीएससीच लावा' असा सल्ला दिला जातो. त्याच उदाहरणातली दुसरी बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही: ॲमेझॉन स्वतःच आपल्या झेनवरच्या मशीनना टीएससी वापरायला सांगते. म्हणजे तिथे वेगाच्या पाठीशी होस्टच्या मालकाचा शब्द आहे.

हा शब्द नसेल तर काय होते, ते साध्या गणिताने कळते. 2.6 गिगाहर्ट्झ टीएससी असलेल्या होस्टवर गेस्ट सुरू झाला, त्याने बूट होताना ती गती मोजून ठेवली आणि नंतर चालू अवस्थेतच त्याला 3.0 गिगाहर्ट्झच्या होस्टवर हलवले. त्या हार्डवेअरमध्ये टीएससीची गती जुळवून देण्याची सोय नसेल, तर खऱ्या एका मिनिटाला गेस्ट सुमारे 69 सेकंद मोजेल. यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे 'नेटवर्कवरून वेळ जुळवणारा एनटीपी आहे ना, तो सरळ करेल'. एनटीपीडी हा त्याचा प्रोग्रॅम गतीतली चूक दहा लाखांत 500 भागांपर्यंतच सावरू शकतो, म्हणजे दिवसाला 43 सेकंदांच्या आसपास. क्रोनी हा दुसरा एनटीपी प्रोग्रॅम अधिक उदार आहे, पण लिनक्सवर त्याचीही मर्यादा दहा टक्क्यांवर संपते. वरच्या उदाहरणातली चूक पंधरा टक्क्यांची आहे. एनटीपी हे घड्याळ लावण्याचे साधन आहे. घड्याळाचे चाकच वेगळ्या गतीने फिरत असेल तर ते बदलणे त्याच्या हातात नाही.

केव्हीएम-क्लॉकची रचना या अडचणीला दिलेले सरळ उत्तर आहे. मोजण्यासाठी तोही टीएससीच वापरतो, हे बरेच जण विसरतात. फरक इतकाच की होस्ट आणि गेस्ट मेमरीचे एक पान वाटून घेतात आणि त्यावर होस्ट लिहून ठेवतो: टीएससी अमुक आकड्यावर असताना वेळ अमुक होती आणि टीएससीच्या फरकाला अमुक गुणकाने गुणले की नॅनोसेकंद मिळतात. गेस्ट टीएससी वाचतो, वजाबाकी आणि गुणाकार करून बेरीज घेतो. पानावर एक आवृत्तिक्रमांकही असतो. होस्ट लिहीत असताना तो विषम असतो आणि लिहून झाल्यावर सम होतो. वाचताना क्रमांक विषम दिसला किंवा मध्येच बदलला, तर गेस्ट पुन्हा वाचतो. मशीन नव्या होस्टवर गेले की तिथला होस्ट नवा गुणक लिहितो. वेग जवळपास टीएससीइतकाच मिळतो आणि गती बदलल्याची बातमी जागेवर पोहोचते. याला एक पुरवणी आहे. वेगवेगळ्या प्रोसेसरवरचे टीएससी एकमेकांशी जुळलेले नसतील तर एकावर वाचलेली वेळ दुसऱ्यावर वाचलेल्या वेळेपेक्षा मागे जाऊ शकते. त्यासाठी होस्ट 'टीएससी स्थिर आहे' अशी खूण ठेवतो. ती नसेल तर कर्नल शेवटची दिलेली वेळ सर्व प्रोसेसरसाठी एकाच ठिकाणी जपतो आणि तिच्या मागे जात नाही. हे सावकाश चालते, पण वेळ मागे जाण्यापेक्षा मंदपणा कधीही परवडला.

'कर्नल स्वतःच योग्य स्रोत निवडतो, मग माणसाने लक्ष का घालावे?' हा आक्षेप बराचसा खरा आहे. कर्नल प्रत्येक स्रोताला गुण देतो: एसीपीआय टायमरला 200, एचपीईटीला 250, टीएससीला 300 आणि केव्हीएम-क्लॉकला 400. त्यातही 2019 पासून अशी तरतूद आहे की होस्टने टीएससी न बदलणारा आणि न थांबणारा असल्याचे जाहीर केले, तर केव्हीएम-क्लॉकचे गुण 299 वर उतरतात आणि टीएससी आपोआप पुढे येतो. कर्नल लिहिणाऱ्यांनीही निकाल वेगावर सोडला नाही, होस्टच्या जाहीर हमीवर सोडला. केव्हीएमवर गेस्ट चालवणारा क्यूईएमयू हा प्रोग्रॅम ही हमी देताना आपल्या बाजूने अट घालतो: टीएससीची गती आधी ठरवून दिलेली नसेल तर अशा मशीनचे स्थलांतर करू देत नाही. पण कर्नलची आपोआप निवड फसू शकते, तीही तिच्याच पहारेकऱ्यामुळे. कर्नलमधला वॉचडॉग दर अर्ध्या सेकंदाला टीएससीचा आकडा दुसऱ्या स्रोताशी ताडून पाहतो. दोन वाचनांच्या मधोमध होस्टने त्या प्रोसेसरला बाजूला ठेवले, तर टीएससी निर्दोष असूनही फरक दिसतो आणि त्याच्यावर 'अस्थिर' असा शिक्का बसतो. मग केव्हीएम-क्लॉकसारखा पर्याय हाताशी नसेल तर मशीन एचपीईटीसारख्या महागड्या स्रोतावर घसरते आणि आधीच गर्दीत असलेल्या होस्टवर आणखी भार टाकते. नव्या कर्नलमध्ये पुन्हा वाचून खात्री करण्याची सोय आली आहे. तरी एखादे मशीन एका रात्रीत मंदावले, तर कर्नलच्या लॉगमध्ये टीएससी अस्थिर ठरल्याची ओळ आधी शोधावी.

राहिला थांबण्याचा प्रश्न आणि इथे केव्हीएम-क्लॉकही एकटा पुरत नाही. स्नॅपशॉटसाठी मशीन दहा मिनिटे गोठवले आणि पुन्हा चालू केले, तर क्यूईएमयू त्याचे घड्याळ गोठवले तिथूनच पुढे नेतो. टाइमआउट मोजणाऱ्या प्रोग्रॅमसाठी हे योग्यच आहे. भिंतीवरची वेळ मात्र दहा मिनिटे मागे राहते. क्रोनीच्या नेहमीच्या मांडणीत एकदम उडी मारण्याची मुभा पहिल्या तीन दुरुस्त्यांपुरतीच दिलेली असते. त्यानंतर तो हळूहळूच सरकवतो, जास्तीत जास्त बारावा हिस्सा या गतीने. दहा मिनिटांची तूट भरायला त्याला दोन तास लागतील आणि त्या दोन तासांतल्या प्रत्येक नोंदीवर चुकीची वेळ पडेल. म्हणून मशीन पुन्हा सुरू होताना गेस्ट एजंटकडून वेळ लावून घेणे आणि क्रोनीला होस्टचे घड्याळ केव्हीएमच्या पीटीपी उपकरणातून वाचू देणे, हे स्रोत निवडण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

काही मिलिसेकंदांनी काय बिघडते, असे विचारणाऱ्याने आपल्या देशातला नियम पाहावा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार डेटा सेंटर, सेवा पुरवठादार आणि कंपन्यांनी आपल्या सर्व यंत्रणांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, अथवा त्यांच्यापर्यंत माग काढता येईल अशा सर्व्हरशी जुळवायची आहेत. घटनांचा क्रम लावायचा झाला तर नोंदींवरची वेळ हाच धागा असतो, म्हणून हा आग्रह. त्या निर्देशात व्हर्च्युअल मशीनच्या आतल्या क्लॉकसोर्सबद्दल काही म्हटलेले नाही. ती निवड मशीन चालवणाऱ्याकडेच आहे. त्याने आपल्या क्लाउड पुरवठादाराला लेखी विचारावे, की टीएससी स्थिर असल्याची हमी आहे का आणि स्थलांतरानंतरही ती टिकते का. उत्तर स्पष्ट 'हो' असेल तर टीएससी खुशाल वापरावा. नसेल तर हायपरव्हायजरने पुढे केलेलाच स्रोत ठेवावा आणि वेगासाठी त्या फाइलला हात लावू नये.